ओढ्याच्या उगमाशी माझी जागा

मी, मल्लम्मा भ्रतार संगप्पा एकलारे, वय सत्तरच्या आसपास (निजामाच्या राज्यात माझ्या जन्माची नोंद कोणी केली नाही), धंदा शेती, राहणार मौजे पळसवाडी, बोरीजवळ, तालुका जिंतूर, जिल्हा परभणी, आज हे मृत्युपत्र सांगून लिहवून घेत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरचा दाखला जोडावा असे लेखनिकाचे म्हणणे पडले. ज्या गावात लोक पाऊस मागायला निघताना उरलेसुरले झाड तोडतात, त्या गावात माझ्या एकटीच्याच डोक्याचा दाखला कशाला, असे मी विचारले आणि तो विषय तिथेच संपला. माझ्यावर कोणाचा दाब नाही. दाब आणायचा प्रयत्न मुलाने केला, ते पुढे येईलच.

लेखनिक वीरुपाक्ष स्वामी हे आमच्या जंगमांच्या, म्हणजे लिंगायतांच्या पुजाऱ्यांच्या घरातले. जिंतूरला कचेरीबाहेर बसून अर्ज आणि दस्त लिहितात. त्यांना मी बजावले आहे की माझे बोलणे शुद्ध करून लिहावे, पण गाळू नये. ते म्हणाले, "काकू, मृत्युपत्रात भांडणं लिहीत न्हाईत." मी म्हणाले, "मग मागं ठेवायला माझ्यापाशी दुसरं हाय काय?" त्यानंतर ते सांगेन तसे लिहीत आहेत.

कलम १. वारस. मला दोन अपत्ये. मुलगा शिवरुद्र माझ्याजवळ राहतो आणि शेती बघतो. मुलगी सिद्धम्मा पाथरीला दिली आहे. माझे मालक संगप्पा दहा वर्षांपूर्वी वारले. दोन्ही लेकरांवर माझी माया सारखी आहे. राग मात्र सध्या एकट्या शिवरुद्रवर आहे.

कलम २. राहते घर शिवरुद्रला द्यावे. घर माळवदाचे आहे, म्हणजे लाकडी सऱ्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. वैशाखात बाहेर आग पडत असली तरी आत लेकरू निवांत झोपते. दरवर्षी पावसाआधी त्यावर नवी माती टाकावी लागते आणि तेवढ्याच कष्टाचा लोकांना कंटाळा आला. गावात घरोघर माळवदे उतरवली आणि पत्रे टाकले. भिंतीही पक्क्या विटांच्या हव्यात, विटांना भट्टी हवी, भट्टीला लाकूड हवे. बांधावरची झाडे त्यात गेली. आता पत्रे तापले की तीच माणसे दुपारी गोधड्या घेऊन माझ्या बनात सावलीला येतात आणि पडल्या पडल्या एकमेकांना विचारतात, औंदा ऊन एवढे का वाढले. मी त्यांना कधी उठवले नाही, पण उत्तरही दिले नाही. शिवरुद्रने हे माळवद उतरवून पत्रा टाकला तर घराचा अर्धा हिस्सा सिद्धम्माचा होईल.

कलम ३. खालचे काळे वावर, औत, तिफण, बैलजोडी आणि कडब्याची गंज शिवरुद्रची. त्यात त्याने ज्वारी, तूर, कापूस काय वाटेल ते पेरावे. ऊस लावू नये. ही विनंती आहे.

कलम ४. माझ्या हातातले गोठ आणि सोन्याच्या पुतळ्यांची माळ सिद्धम्माला. गळ्यातले इष्टलिंग कोणी उतरवू नये, ते आमच्या रिवाजाप्रमाणे माझ्याबरोबर मातीत जाईल. सिद्धम्माला दागिने जास्त देण्याचे कारण असे की तिची जमीन आता तिला काही देत नाही. तिच्या शिवारात कालवा आला तेव्हा सासऱ्याने गावात पेढे वाटले होते. पाणी फुकटच्या भावाने, मग ऊस आणि पुन्हा ऊस. पाणी सोडले की ते बंद करायला कोणी जाईना. काळ्या जमिनीला तेवढे पाणी पचले नाही. मागच्या संक्रांतीला मी गेले तेव्हा वावरावर मीठ फुटले होते आणि पाय टाकला की चिखल होत होता. सिद्धम्मा बांधावर उभी राहून म्हणाली, "माय, ह्यात आता लव्हाळा बी उगवंना." तिच्याकडे पाण्याने जमीन मेली आणि आमच्याकडे पाण्यावाचून मरते आहे. दोन्हीकडे मारणारे हात माणसांचेच आहेत, आणि दोन्हीकडची माणसे बोट आभाळाकडे दाखवतात.

कलम ५. वरचे बन. हे मृत्युपत्र खरे तर याच्यासाठी आहे.

गावाच्या वरच्या अंगाला, जिथे आमचा ओढा सुरू होतो, तिथे कडुनिंब, करंज, हिवर, बेल आणि बाभळीचे बन आहे. ते मालकांनी हयातीतच माझ्या नावावर केले. त्यांना आपला मुलगा माहीत होता. या बनातल्या झऱ्यावर ओढा चालतो आणि ओढ्यावर गावची विहीर. बहात्तरच्या दुष्काळात बोरीपर्यंतच्या विहिरी बसल्या, आमची बसली नाही. चार गावांची माणसे इथून पाणी घेऊन गेली.

बनाच्या वर दिनकररावांचा माळ आहे. दिनकरराव आमचे शेजारी, माझ्या मालकांचे मित्र, मला वहिनी म्हणतात. त्यांच्या माळावरची झाडी माझ्या बनापेक्षा दाट होती. शहाऐंशीच्या कोरड्या साली त्यांनी ती वीटभट्टीवाल्यांना दिली. मी आडवी गेले होते. ते म्हणाले, "वयनी, पाऊसच न्हाई तर झाडं ठिऊन काय करू? वाळून जाण्यापरीस इकलेली बरी." झाडे गेल्यावर पुढचा पाऊस आला तो माळावर थांबलाच नाही. मातीसकट खाली उतरला आणि माझ्या बांधाला भगदाड पाडून गेला. मग वावर कोरडे म्हणून त्यांनी बोअर पाडला. पहिल्या वर्षी पाणी घराएवढे उंच उडाले, लोक नारळ घेऊन बघायला गेले, ऊस लागला. पुढच्या वर्षी गावची विहीर खाली गेली. त्याच्या पुढच्या वर्षी बोअरमधून धूळ आली. आता तिथे मुरूम उघडा पडला आहे आणि दुपारी त्यावरून येणारा वारा तोंड भाजतो. दिनकररावांशी मी तेव्हापासून बोलत नाही. हा अबोला मी कोणाला वारशाने देत नाही, तो माझ्याबरोबर संपवावा.

लोक म्हणतात पाऊस कमी झाला. मला तसे वाटत नाही. पूर्वी जो आठवडाभर रिमझिम पडायचा तो आता एका दुपारी कोसळतो आणि निघून जातो. धरायला वर काही उरलेले नाही. मग लोकांचा धीर सुटतो, ते आणखी तोडतात, आणखी खोल जातात, आणि त्यामुळे पुढचे साल आणखी बिघडते. आम्ही आभाळाला भितो आणि भीतीपोटी जे करतो त्यानेच ते आणखी फिरते. हे मला कोणी शिकवले नाही. मी फक्त पन्नास वर्षे एकाच ठिकाणी बसून बघत आले.

गेल्या वर्षी आषाढ कोरडा गेला तेव्हा गावाने धोंडी काढली. पोराच्या अंगाला निंबाचा पाला बांधतात, घरोघर त्याच्या डोक्यावर पाणी ओततात आणि पाऊस मागतात. गावात निंब कुठे उरला होता? सगळे माझ्या बनात आले आणि फांद्याच्या फांद्या मोडून घेऊन गेले. तीच धोंडी गाणे म्हणत माझ्या दारात आली. रिवाज मोडू नये म्हणून मी घागर ओतली. पोर गारठून हसत होते, बायका हात जोडत होत्या, आणि मला त्या पाल्यात माझ्या झाडाचे कोवळे शेंडे दिसत होते. मला तेव्हा रडू आले. बायकांना वाटले म्हातारी देवासाठी रडते.

यंदा बनात काय चालले आहे तेही लिहून ठेवते, म्हणजे पुढे कोणी म्हणू नये की कळले नव्हते. निंबाला मोहोर आला आणि उघडायच्या आत करपून गळाला. करंजावरचे मधमाश्यांचे पोळे एका सकाळी रिकामे होते, मध तसाच, माश्या नाहीत. पावशा ओरडायचा थांबला आहे. झऱ्याचे पाणी गुडघाभर असायचे ते आता वाटीने भरावे लागते. बनात दुपारी इतके शांत असते की मला तिथे बसायला भीती वाटते. ही भीती मला नवीन आहे.

आणि या झऱ्याशेजारी शिवरुद्रला बोअर पाडायचा आहे, आणि बन काढून ऊस लावायचा आहे.

त्याच्यावर अन्याय नको म्हणून त्याचे म्हणणेही लिहिते. तो म्हणाला, "माय, पाऊस भरोशाचा राह्यला न्हाई. बोअर पाडला तरच माझी लेकरं जगतील."

"पाऊस भरोशाचा का राह्यला न्हाई, ते बी सांग."

"ते मला कसं ठाऊक? मी काय आभाळ चालवायलोय का? समदे पाडायलेत. मी न्हाई पाडला तर दुसरा कुणी तरी पाडंल आन् तेच पाणी वढून नेईल."

पोरगा वाईट नाही. घाबरला आहे. घाबरलेल्या माणसाच्या हातात कुऱ्हाड असली की मला जास्त धास्ती वाटते.

बन दोन्ही लेकरांच्या नावे, न वाटता, एकत्र द्यावे. त्यातले उभे झाड तोडू नये, झऱ्यापाशी खोल खणू नये, विकू नये. हे सांगितल्यावर वीरुपाक्ष स्वामींनी लेखणी खाली ठेवली. म्हणाले, "काकू, एकदा मालकी दिली की असल्या अटी कायद्यात टिकत न्हाईत. कोर्टात पहिल्याच तारखेला उडतील."

"मग कशानं टिकंल?"

"कागदानं न्हाई टिकणार."

त्यावर मी पाणी प्यायले आणि पुढचे कलम सांगितले.

कलम ६. माझी समाधी. आमच्यात मेलेल्या माणसाला जाळत नाहीत, बसवून पुरतात. आमच्या घरची माणसे बनाच्या खालच्या कोपऱ्यात आहेत: सासरे, सासू आणि मालक. मालकांच्या उजव्या हाताला माझी जागा त्यांनी स्वतः दगड लावून राखली होती. मरतानाही त्यांनी मला तीच दाखवली. ती जागा मी घेत नाही. त्यांना वाईट वाटेल हे मला कळते, मलाही वाटते. तिथे एक बेल लावावा.

मला बनात शिरणाऱ्या गाडीवाटेच्या मधोमध बसवावे. तिथे एका बाजूला दरड आहे आणि दुसऱ्या बाजूला ओढ्याची खोल घळ. मध्ये जेमतेम एक गाडी जाते. बोअरची गाडी तिथूनच येणार. शिवरुद्र कायदा मोडेल, अट मोडेल, माझा शब्दही मोडेल. पण आईच्या समाधीवरून चाक घालणार नाही. एवढी खात्री मला त्याच्याबद्दल आहे, आणि माझ्या सगळ्या इस्टेटीत तेवढीच एक भरवशाची वस्तू आहे.

खड्डा मी गेल्या आठवड्यातच खणून घेतला. मुंजाजी, जो गावात समाधीचे खड्डे खणतो आणि ज्याच्या बापाने माझ्या सासऱ्यांचा खणला होता, त्याने खणला. सासरे रझाकारांच्या आधीच्या उन्हाळ्यात गेले. त्यांच्या खड्ड्यात एवढे पाणी झिरपले की तो सोडून जरा वर दुसरा खणावा लागला. सासू बहात्तरच्या दुष्काळात गेल्या. पाणी नव्हते, पण तळाच्या मातीचा लाडू वळत होता. मालकांच्या वेळी माती हाताला गार लागली होती, मी स्वतः मूठ भरून टाकली म्हणून आठवते. माझा खड्डा त्यांच्याही वर, उगमाशी आहे, तिथे ओल जास्त हवी. मुंजाजी तळाशी उभा होता. त्याने मूठ उघडली तर वाऱ्याने सगळी धूळ उडून गेली. म्हणाला, "मावशी, बुडाला बी गार लागंना झालंय." मग तो पटकन वर आला. इतकी वर्षे हे काम करणारा माणूस, पण त्याला आत थांबवेना.

कलम ७. बनातले पडलेले लाकूड, वाळले गवत आणि निंबोळ्या वेचण्याचा हक्क सुमनबाईचा आणि तिच्यामागे तिच्या सुनेचा. सुमनबाई आमच्या गावच्या बौद्ध वस्तीतली, माझी मैत्रीण. अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नामांतरावरून वस्तीतली घरे पेटवली तेव्हा ती लेकरे घेऊन याच बनात लपली होती. मी भाकरी नेत होते म्हणून भावकीने माझ्या हातचे पाणी वर्षभर बंद केले. त्यांनी प्यायचे ते पाणीही याच झऱ्याचे होते, हे त्यांच्या ध्यानात आले नाही. नाव अजून बदललेले नाही. सुमनबाई मात्र तेव्हापासून दर उन्हाळ्यात बनातले वाळले गवत कापून नेते, म्हणून बनाला कधी वणवा लागला नाही. तिला कोणी अडवू नये.

येथवरचा मजकूर घरी ओसरीवर लिहून झाला.

पुरवणी. वीरुपाक्ष स्वामी मजकूर वाचून दाखवत असताना मुंजाजी धापा टाकत आला. "मावशी, बोअरची गाडी आली. बनात उभी हाय."

मी म्हणाले, "कुठून येईल? वाटंवर तर माझा खड्डा हाय."

"वरून आली. दिनकररावांच्या माळावरून."

माळावरून गाडी येईल हे माझ्या मनात कधी आले नव्हते. तिथे एवढी झाडी असायची की शेळी अडकायची. डोळ्यांनी रोज उघडा माळ बघत होते, पण मनात तो अजून भरलेलाच होता. मी कागद घेऊन वर आले. वीरुपाक्ष स्वामी आणि मुंजाजी बरोबर आहेत. गाडी झऱ्याजवळ उभी आहे. तिला जागा करायला एक हिवर आणि बेलाची दोन झाडे पाडली आहेत. जमिनीतले पाणी दाखवणाऱ्या पाणाड्याने नारळ फोडून जमिनीवर चुन्याची फुली मारली आहे. मी त्या फुलीवर बसले आहे आणि पुढचे इथूनच सांगते आहे.

दिनकरराव इथे आहेत. सात वर्षांनी त्यांच्याशी बोलले. विचारले, "तुमच्या माळावरून गाडी येऊ दिली?" ते खाली बघत म्हणाले, "वयनी, आडवायला आता माळावर हाय काय?" त्यांना मी साक्षीदार होण्यास सांगितले. ते कबूल झाले.

शिवरुद्र म्हणतो, "माय, ऊठ. गाडीवाले थांबायले न्हाईत. ऊन लय हाय, मरशील."

मी त्याला सांगितले, "मेले तर काय करायचं, ते समदं कागदात लिहिलंय."

तो माझ्यापासून जरा लांब उभा आहे आणि माझ्याकडे बघत नाही. गाडीवाले परमुलखातले आहेत, त्यांना आमची भाषा येत नाही. ते इंजिन बंद करत नाहीत.

म्हणून कलम ६ बदलते. वाटेवरचा खड्डा बुजवावा. मला आता मी बसले आहे तिथेच, या फुलीवर पुरावे. मी जिवंत समाधी घेतलेली नाही, तेव्हा गावातल्या बायकांनी उदबत्त्या घेऊन येऊ नये. मला मरायचे नाही. मला येणारा पाऊस बघायचा आहे, तो इथे थांबतो का ते बघायचे आहे.

मृत्युपत्र माणूस मेल्यावर लागू होते, असे वीरुपाक्ष स्वामी सांगतात. म्हणजे माझ्यात श्वास आहे तोवर वरचे एकही कलम लागू नाही, कोणी वारस नाही आणि बन कोणाचेही नाही, माझे आहे. शिवरुद्रला घाई असेल तर त्याने ठरवावे.

सही: मल्लम्मा भ्र. संगप्पा एकलारे

साक्षीदार:
१. दिनकरराव, राहणार पळसवाडी, शेजारी. सही.
२. मुंजाजी, राहणार पळसवाडी. डाव्या अंगठ्याची निशाणी.

लेखनिकाचा शेरा: वरील मजकूर बाईंनी सांगितल्याप्रमाणे लिहिला. इंजिनाच्या आवाजामुळे मोठ्याने वाचून दाखवावा लागला. ऐकून बरोबर असल्याचे सांगून बाईंनी दोन्ही साक्षीदारांसमक्ष सही केली. त्यानंतर बाईंना सावलीत येण्याची विनंती मी, दिनकरराव आणि मुलगा शिवरुद्र यांनी केली. बाईंनी नकार दिला. हा शेरा लिहीत असताना शिवरुद्र आईसमोर उन्हात येऊन बसला आहे. उठवायला आला आहे की सोबतीला, हे त्याने सांगितलेले नाही.

वीरुपाक्ष स्वामी, दस्तलेखक, जिंतूर

ठिकाण: वरचे बन, झऱ्याजवळ, मौजे पळसवाडी, तालुका जिंतूर, जिल्हा परभणी
दिनांक: १४ मे १९९३, शुक्रवार, भर दुपारी